भाचीला मेडिकल लॅबमध्ये करिअर करायचंय, घरात मात्र "म्हणजे फक्त रक्त काढायचं ना?"

उंबरठा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. भाची बारावी सायन्स झाली, मार्क चांगले पडलेत, म्हणजे इतके की घरात सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं आता मेडिकल किंवा गेलाबाजार फार्मसी, आणि पोरगी परवा सगळे बसलेले असताना सरळ म्हणाली की मला मेडिकल लॅबचं करायचंय. तिच्या बाबांचा पहिला प्रश्न "म्हणजे रक्त काढायचं?", दुसरा "हल्ली मशीनच करतं ना सगळं?", तिसरा यायच्या आत आजीने विषय बदलला.

तिच्या डोक्यात हे कुठून आलं ते सांगते. दोन वर्षांपूर्वी आजोबांच्या रिपोर्टमध्ये प्लेटलेट १८ हजार आल्या. घरात धावपळ, अॅडमिट करायची तयारी, आणि आजोबा मात्र मस्त पेपर वाचत बसलेले. तेवढ्यात लॅबमधल्या बाईंचाच फोन आला की थांबा, मला हा आकडा पटत नाहीये, दुसऱ्या ट्यूबमध्ये परत रक्त द्या. परत दिलं तर २ लाख १० हजार! तेव्हापासून भाचीचं एकच पालुपद, त्या बाईंना कळलं कसं?

तर प्रश्न असे: डिप्लोमा करावा की डिग्री? पुढे वाढ आहे का, की आयुष्यभर त्याच टेबलावर? मशीन आणि एआयमुळे या नोकऱ्या उरणार आहेत का? आणि इन्फेक्शनची भीती कितपत खरी? जे प्रत्यक्ष या कामात आहेत त्यांनी लिहा प्लीज, ऐकीव नको. ऐकीव सांगणारे आमच्या घरात भरपूर आहेत.

बेसोफिल

ताई, आधी त्या फोनबद्दल लिहितो कारण तिथेच या पेशाचं मर्म आहे. (२६ वर्षं हिमॅटॉलॉजीत, म्हणजे लॅबच्या रक्तपेशींच्या विभागात आहे. आयडीचं नाव बेसोफिल कारण मीही शंभर पेशींत जेमतेम एखादा दिसतो तसा इथे उगवतो.)

सीबीसीची (रक्तातल्या पेशी मोजायच्या टेस्टची) जांभळ्या टोपणाची ट्यूब असते, त्यात रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए नावाचं रसायन असतं. काही थोड्या लोकांच्या रक्तात अशी अँटिबॉडी असते की ट्यूबमध्ये ईडीटीएशी गाठ पडली की प्लेटलेट एकमेकींना चिकटून गठ्ठे होतात. अंगात काही होत नाही, सगळा खेळ ट्यूबमधला. आता मशीन मोजतं कसं, तर बारीक छिद्रातून पेशी एकेक करून जाते आणि जाताना विजेच्या प्रवाहात अडथळा येतो, तो अडथळा मोजायचा, कूल्टर यांचं १९५३ चं पेटंट, अजूनही बऱ्याच मशीनचा पाया तोच. वीस प्लेटलेटचा गठ्ठा त्या छिद्रातून गेला तर मशीनला ती प्लेटलेट वाटतच नाही, कधी कधी पांढरी पेशी म्हणून मोजली जाते. मशीन खोटं बोलत नाही हो, त्याला जे दिसलं ते ते सांगतं.

त्या बाईंनी काय केलं असेल, तर स्मिअर करून, म्हणजे काचेच्या स्लाइडवर रक्ताचा पातळ थर पसरून, त्या थराच्या शेपटीकडे बघितलं असेल. गठ्ठे नेहमी ओढत ओढत तिथे जाऊन बसतात. नवशिका स्लाइडच्या मधोमध बघतो आणि "प्लेटलेट कमी" लिहून मोकळा होतो. गठ्ठे दिसले की निळ्या सायट्रेटच्या ट्यूबमध्ये परत रक्त घ्यायचं, रन करायचं आणि आलेल्या आकड्याला १.१ ने गुणायचं, कारण त्या ट्यूबमध्ये नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेटचं पाणी असतं.

भाचीला सांगा, कळलं कसं याचं उत्तर म्हणजे पेशंटचं वय, आधीचा रिपोर्ट, मशीनने दिलेला फ्लॅग आणि मनात आलेली शंका. पहिल्या तीन गोष्टी कुणीही शिकवेल. शंका स्वतःला यावी लागते.

मधमाशी

सगळं छान छान लिहिताय पण खरं सांगायचं तर माझ्या चुलतभावाच्या लॅबमध्ये नवीन ऑटोमेशनची लाइन आली आणि आठ जणांच्या जागी पाच जण राहिले. ट्यूब पट्ट्यावर ठेवली की बारकोड वाचणं, सेंट्रिफ्यूज, टोपण काढणं, टेस्ट, फ्रिजमध्ये जाणं सगळं आपोआप. नॉर्मल रिपोर्ट तर माणूस बघतही नाही, ऑटोव्हेरिफाय होऊन जातो. मुलीचं आयुष्य आहे, भावनेच्या भरात निर्णय नको.

ग्रामपॉझिटिव्ह

+१ मधमाशी, पण मायक्रोबायोलॉजीत (जंतूंच्या विभागात) ये मग बोलू :)

तिसरी_पाळी

मधमाशी, तुझं म्हणणं अर्धं खरंय. हाताने पिपेट मारत दिवसभर शुगर युरिया करायचे दिवस गेले, आणि ज्याला फक्त तेवढंच येत होतं त्याचं काम गेलं हेही खरं. पण उरलेल्या पाच जणांचं काम काय आहे ते पण लिही ना.

मी बायोकेमिस्ट्रीत, कायम रात्रपाळी, स्वतःहून मागून घेतलेली (बॉस नसतो हे एकच कारण पुरेसं आहे). पेशंटचं एकही सॅम्पल लावायच्या आधी कंट्रोल लावायचा. कंट्रोल म्हणजे ज्याचं उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे असं सॅम्पल. त्याचा ठिपका लेव्ही-जेनिंग्ज चार्टवर पडतो, ही पद्धत १९५० पासूनची, आणि तो ठिपका कधी मान्य करायचा कधी नाही याचे वेस्टगार्डचे नियम १९८१ चे. एक ठिपका ३ एसडीच्या (स्टँडर्ड डेव्हिएशन, नेहमीच्या चढउताराचं माप) बाहेर गेला की रन थांबला. लागोपाठ दोन एकाच बाजूला २ एसडीच्या बाहेर, थांबला. पण खरी गंमत नियम मोडायच्या आधीची असते, सहा दिवस ठिपके आतच आहेत पण रोज केसभर वर सरकतायत. मशीन हिरवा दिवा दाखवतंय, आणि तुम्हाला कळतंय की एकतर मशीनच्या आतला मोजमापाचा लॅम्प म्हातारा झालाय, नाहीतर रीएजंट (टेस्टचं रसायन) बिघडत चाललंय.

आणि मोह काय असतो सांगू? कंट्रोल आउट गेला की परत लावायचा, परत गेला की परत, तिसऱ्यांदा आत येतो आणि माणूस "चला झालं" म्हणून पुढे सरकतो. मी आधी जिथे होतो तिथे सर्रास हेच चालायचं, विचारलं की उत्तर मिळायचं "रिपोर्टला उशीर होतोय, तू नवीन आहेस". तिथून निघण्याचं एक कारण तेच.

आता मशीनची गोष्ट. एका रात्री एक सॅम्पल, पोटॅशियम ११.८, कॅल्शियम २.९. कंट्रोल आत, मशीन ठणठणीत, आकडे अगदी बरोबर मोजलेले. फक्त असे आकडे असलेला माणूस वॉर्डात उठून बसून गप्पा मारत नसतो. झालं असं होतं की प्लेन ट्यूबमध्ये रक्त कमी पडलं म्हणून कुणीतरी जांभळीतलं थोडं त्यात ओतलं. ईडीटीएच्या मिठात पोटॅशियम असतं, ते वाढलं, आणि ईडीटीए कॅल्शियम धरून ठेवतं, ते पडलं. अल्कलाइन फॉस्फटेज हे एन्झाइम पण तळाला, कारण त्याला लागणारे झिंक-मॅग्नेशियमही ईडीटीएने गिळलेले. तिन्ही एकत्र बघितलं की चोर पकडला जातो. एकटं पोटॅशियम बघितलं असतं तर एका धडधाकट माणसाला पोटॅशियम उतरवायची औषधं गेली असती.

मग रात्री तीनला वॉर्डात फोन करून "सॅम्पल रिजेक्ट, फ्रेश पाठवा" म्हणायचं आणि समोरून बोलणी खायची. या नोकरीत सगळ्यात अवघड टेस्ट मला हीच वाटते.

उंबरठा

तिसरी_पाळी, हा प्रतिसाद भाचीच्या बाबांना वाचून दाखवला. गप्प बसले. मग म्हणाले, "पण रात्रपाळी असते म्हणजे." आता बोला.

लालगाठ

रात्रपाळी असतेच, लपवू नका. हॉस्पिटलची लॅब चोवीस तास चालते, सण-सुट्टी नाही. बाहेरच्या कलेक्शनवर चालणाऱ्या लॅबमध्ये पहाटे लवकर आणि संध्याकाळी असं असतं. लग्न, मुलं, झोप या सगळ्यावर परिणाम होतो. मी १५ वर्षं ब्लड बँकेत आहे, मुलगी लहान होती तेव्हा दोनदा सोडायचा विचार केला होता.

सोडलं का नाही ते पण सांगते. आमच्याकडे चूक म्हणजे रिपोर्टची चूक नसते, चुकीच्या गटाचं रक्त गेलं तर माणूस जाऊ शकतो. म्हणून गट दोन बाजूंनी बघतात. पुढून म्हणजे पेशंटच्या पेशींवर अँटि-ए, अँटि-बी (ए आणि बी ओळखणाऱ्या अँटिबॉडी) टाकून, आणि उलट पेशंटच्या सीरममध्ये माहीत असलेल्या ए, बी, ओ पेशी टाकून. रक्तगट शोधणाऱ्या लँडस्टायनरने १९०१ मध्ये मांडलेलीच गोष्ट रोज दोनदा सिद्ध करायची म्हणा ना. दोन्ही बाजू जुळल्या तरच गट लिहायचा.

एकदा एक सॅम्पल आलं, पुढून सरळसरळ ओ. उलट्या बाजूने ओ पेशींची ट्यूब हलवली तर घट्ट गोळी, सुटेचना. ओ गटाच्या माणसाच्या सीरमने ओ पेशींना हात लावायचं कारणच नाही. मी सेंट्रिफ्यूजला दोष दिला, पेशींना दिला, परत केलं, तीच गोळी. मग अँटि-एच टाकलं, ते ओ पेशींवर असणारं एच ओळखतं, तर काही नाही, म्हणजे या पेशींवर एचच नाही. बॉम्बे फेनोटाइप! डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये जगासमोर आणलेला तो गट, पुस्तकात वाचलेला, आणि आता माझ्या हातातल्या ट्यूबमध्ये. अशा माणसाला ओ निगेटिव्ह रक्त पण चालत नाही, फक्त बॉम्बेचंच लागतं. कुणी घाईत नुसता पुढचाच गट बघून ओ लिहिला असता तर पुढे क्रॉसमॅचवर (द्यायचं रक्त पेशंटशी जुळतं का ते बघण्यावर) सगळी भिस्त.

त्या दिवशी दोन शिफ्ट सलग झाल्या, घरी आले तेव्हा पाय सुजलेले, पण झोप येईना इतकी खूश होते. हे असं वेड असेल तर मुलीला येऊ द्या, नाहीतर नको.

मधमाशी

ब्लड बँकेचं पटलं. बाकीचं अजून नाही.

ग्रामपॉझिटिव्ह

घे मग माझ्याकडून. ब्लड कल्चरची बाटली मशीनमध्ये जाते, जंतू वाढला की मशीन वाजतं, बरेचसे जंतू पहिल्या दोन दिवसांत वाजतात, ५ दिवस ठेवायची पद्धत आहे. इथपर्यंत मशीन. वाजल्यावर मी बाटलीतला थेंब काढतो, ग्राम स्टेन करतो, म्हणजे जंतू रंगवून बघतो, १८८४ चा स्टेन आहे बरं का, अजून त्याला पर्याय नाही, आणि दहा-पंधरा मिनिटांत डॉक्टरला फोन जातो की जांभळे घोस आहेत की गुलाबी काड्या. त्या एका वाक्यावर अँटिबायोटिक बदलतं. पूर्ण रिपोर्ट यायला अजून एक-दोन दिवस असतात.

नंतर मॅल्डी-टॉफ नावाचं मशीन कॉलनीवरून काही मिनिटांत जंतूचं नाव सांगतं, पूर्वी त्याला एक-दोन दिवस जायचे. नाव सांगतं, पण हा जंतू खरंच आजाराचा की रक्त घेताना कातडीवरून आलेला, हे नाही सांगत. एकाच बाटलीत आला की सगळ्यांत आला, किती तासांनी आला, पेशंटला सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) आहे का, हे बघून ठरवायला लागतं. प्लेटवर चार प्रकारच्या कॉलनी एकत्र असतात तेव्हा कुठली उचलायची हे पण हातालाच कळतं. आणि वास! स्यूडोमोनसचा गोडसर वास एकदा नाकात बसला की बसला. (मुद्दाम हुंगायचं नसतं, नवीन पोरांनो, प्लेट नाकाशी नेऊ नका, माझे सर हाणायचे.)

कॅलिब्रेटर

करिअर म्हणून विचारताय तर मी बेंच (लॅबचं टेबल) सोडलेला माणूस, माझंही ऐका.

डिप्लोमाने लवकर बेंचवर उभं राहता येतं आणि हात तयार होतो, घरी पैशाची निकड असेल तर वाईट मार्ग नाही. पण सेक्शन इनचार्ज, क्वालिटी, शिकवणं, परदेश असं काही मनात असेल तर डिग्रीच करा, नंतर नोकरी सांभाळून डिग्री करणाऱ्यांचे हाल मी बघितलेत. प्रत्येक देशाची नोंदणी आणि परीक्षा वेगळी असते. उदाहरणार्थ अमेरिकेतल्या एएससीपी या संस्थेच्या लॅब परीक्षेत १०० प्रश्न आणि अडीच तास, वर कॉम्प्युटर तुमच्या उत्तराप्रमाणे पुढचा प्रश्न सोपा-कठीण करत जातो, त्यामुळे पेपर कठीण वाटायला लागला तर खूश व्हायचं. कॉलेज निवडताना इमारत बघू नका, एकच प्रश्न विचारा, इंटर्नशिप कुठे आणि किती महिने? ज्या कोर्समध्ये खऱ्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये प्रत्येक सेक्शनला फिरवत नाहीत तो कोर्स म्हणजे कोरडं पोहणं.

पुढच्या वाटा भरपूर आहेत पण त्या आपोआप उघडत नाहीत. मी आठ वर्षं बेंचवर होतो, मशीन बिघडलं की इंजिनिअर यायच्या आत मीच काय बिघडलंय ते शोधून ठेवायचो, त्यातून मशीनच्या कंपनीत अॅप्लिकेशन स्पेशालिस्ट झालो, आता लॅबना मशीन शिकवत हिंडतो. माझी बॅचमेट क्वालिटी मॅनेजर आहे, आयएसओ १५१८९ तिला तोंडपाठ, मेडिकल लॅबच्या गुणवत्तेचं २००३ ला आलेलं स्टँडर्ड, २०२२ ला नवीन आवृत्ती आली तेव्हा तिने वर्षभर आमचं डोकं खाल्लं. एक जण लॅबच्या सॉफ्टवेअरमध्ये गेला, मधमाशी म्हणतो ते ऑटोव्हेरिफायचे नियम तोच लिहितो. कुठला आकडा माणसाने बघायचा आणि कुठला नाही हे मशीनला कोण सांगणार, बेंचवर बसलेलाच ना! बाकी सायटोलॉजी, सायटोजेनेटिक्स, पीसीआर आणि सीक्वेन्सिंगची मॉलिक्युलर लॅब, आयव्हीएफमधली एम्ब्रियॉलॉजी, क्लिनिकल ट्रायलच्या लॅब, प्रत्येकाला थोडं वेगळं शिक्षण लागतं.

वाढ हळू आहे. पहिली तीन-चार वर्षं पगार आणि जबाबदारी यांचा मेळ बसत नाही, हे भाचीला आत्ताच सांगून ठेवा.

चष्मेबहाद्दर

आणि मानही नाही मिळत हे लिहा की कुणीतरी. पेशंटला आपण दिसत नाही, डॉक्टरला फक्त रिपोर्ट लेट झाला की आठवतो. मग कॉन्फरन्समध्ये स्लाइड लावतात, "वैद्यकीय निर्णयांपैकी ७० टक्के लॅबवर अवलंबून असतात!" आणि आपण टाळ्या वाजवायच्या.

बेसोफिल

चष्मेबहाद्दर, त्या ७० टक्क्यांना धड आधार नाही हो, एकाने म्हटलं म्हणून दुसऱ्याने म्हटलं असं ते फिरत राहिलंय. दिवसभर लोकांचे आकडे तपासणारे आपण, आणि स्वतःबद्दलचा आकडा मात्र न तपासता भिंतीवर लावतो.

मान कधी मिळतो ते सांगतो. मागे एका शुक्रवारी संध्याकाळी, निघायच्या बेतात होतो, एक स्मिअर आली. पांढऱ्या पेशी फार नाहीत, प्लेटलेट कमी, मशीनने फक्त "अॅबनॉर्मल सेल" एवढाच फ्लॅग दिलेला. ऑइल इमर्शनखाली बघतो तर एका पेशीत लालसर बारीक काड्यांची मोळीच्या मोळी. दुसरीत पण. एम३, म्हणजे प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया, रक्ताच्या कॅन्सरचा एक प्रकार. यात पेशंट कॅन्सरच्या आधी रक्तस्रावाने जातो, म्हणून जेनेटिक रिपोर्टची वाट न बघता नुसत्या संशयावर औषध सुरू करतात. मी पॅथॉलॉजिस्ट मॅडमना खेचत स्कोपवर आणलं, त्यांनी तिथूनच फोन लावला, औषध त्याच रात्री सुरू झालं. पेशंटला माझं नाव माहीत नाही, मला त्याचा चेहरा माहीत नाही. मॅडम मात्र तेव्हापासून अवघड स्लाइड आली की आधी मला बोलावतात. मला तेवढं पुरतं. सगळ्यांना पुरेल असं नाही.

एआयबद्दल, पेशींचे फोटो काढून वर्गवारी करणारी मशीन आमच्याकडे आहेत आणि चांगली आहेत, रूटीन डिफरन्शियल (पांढऱ्या पेशींची प्रकारवार मोजणी) माझ्याइतकंच करतात, न कंटाळता. पण त्याने केलेली वर्गवारी तपासून सही माणूसच करतो, आणि ते तपासायला मोळी आधी बघितलेली असावी लागते.

भाची (नवीन सदस्य)

नमस्कार, मीच ती. मावशीने लिंक दिली. सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. दोन प्रश्न आहेत, हसू नका. एक, मला रक्त बघून चक्कर नाही येत पण सुई टोचताना बघवत नाही, चालेल का? दोन, सुई लागली तर काय होतं खरंच?

लालगाठ

ये ग! पहिल्याचं उत्तर, पहिल्या वर्षात सगळ्यांचा हात थरथरतो, आम्ही एकमेकांच्या शिरांवर शिकलो. पन्नासेक वेळा केलं की सुई दिसत नाही, फक्त शीर दिसते. आणि मोठ्या लॅबमध्ये रक्त घेणारे वेगळे असतात, तुला आयुष्यभर ते करावंच लागेल असं नाही. पण शिकून घे नीट, कारण निम्म्याहून जास्त चुका मशीनपर्यंत पोचायच्या आधीच झालेल्या असतात, दंड जास्त वेळ बांधून ठेवला, ट्यूब जोरात हलवली, ट्यूबवर नाव तिथेच न लावता नंतर चिकटवलं. ज्याने स्वतः रक्त घेतलंय त्याला या चुका वास आल्यासारख्या कळतात.

दुसरं. सुई परत टोपणात घालायची नाही, कधीच नाही. माझ्या मैत्रिणीला तशीच लागली होती. लगेच साबण-पाण्याने धुवायचं, पिळायचं नाही, लपवायचं तर अजिबात नाही, लगेच रिपोर्ट करायचं. एचआयव्ही पॉझिटिव्ह रक्ताची सुई लागली तर लागण व्हायची शक्यता साधारण ०.३ टक्के, आणि औषध जितक्या लवकर तितकं बरं, ७२ तासांच्या आत सुरू करावंच लागतं. हिपॅटायटिस बीचा धोका लस नसेल तर त्याच्या कितीतरी पट, म्हणून कोर्सला जायच्या आधी लस, ०, १, ६ महिने असे तीन डोस, आणि नंतर टायटर (रक्तातल्या अँटिबॉडीचं प्रमाण) १० च्या वर आहे का ते तपासून घे. माझ्या मैत्रिणीला काही झालं नाही, पण ते सहा महिने तिने कसे काढले ते मी बघितलंय.

ग्रामपॉझिटिव्ह

आणि रंग नीट दिसतात का ते पण तपासून घे, गंमत नाही करत. जांभळा-गुलाबी फरक कळला नाही तर माझ्या सेक्शनला रडशील.

भाची

रंग दिसतात! लसीचं उद्याच बघते. तिसरी_पाळी काका (दादा?), रात्री एकटं असताना शंका आली तर विचारायचं कुणाला?

तिसरी_पाळी

दादा चालेल. आधी ट्यूबला विचारायचं. मग जुन्या रिपोर्टला. मग वॉर्डला, मग ऑन-कॉल पॅथॉलॉजिस्टला, झोपलेले असले तरी उठवायचं, ते त्यासाठीच असतात. थांब, एक पोटॅशियम ७.४ आलंय, बघून येतो.

मधमाशी

परत ओतलं वाटतं कुणीतरी जांभळीतलं :D

तिसरी_पाळी

नाही. कॅल्शियम व्यवस्थित, सीरम स्वच्छ पिवळं, हिमोलिसिस (लाल पेशी फुटणं) नाही. काल ५.८ होतं, क्रिएटिनिन पण चढतंय. परत रन केलं, ७.५. खरं आहे. वॉर्डला फोन केला, तिकडच्या डॉक्टरांकडून आकडा परत म्हणवून घेतला, नाव आणि वेळ लिहिली, २:१७. ईसीजी लावतायत.